हंडा, भाकरी आणि अभ्यास

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे म्हसोबाची मोठी यात्रा भरते. या यात्रेतील बैलांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. बैल घेणारा शेतकरी तेथे काय पाहतो? तो दात पाहतो, खूर पाहतो, वशिंडावर हात फिरवतो, बैलाला चार पावले चालवून पाहतो. सौदा ठरला की पहिला प्रश्न विचारतो तो वैरणीचा. याला काय घालीत होता? पाणी किती वेळा दाखवीत होता? उपाशी बैल औताला जुंपला आणि तो तासात बसला, तर शेतकरी त्याला आळशी म्हणत नाही. चूक कोणाची हे त्याला ठाऊक असते.

माणसाच्या मुलाच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा आपल्याला सुचत नाही. जून महिन्यात शाळा उघडली की विद्यार्थी मित्र संकल्प करतात. या वर्षी पहाटे उठेन, रोज दोन तास अभ्यास करीन, इंग्रजीचे दहा शब्द पाठ करीन. गणपती येईपर्यंत संकल्प मोडतो. मग विद्यार्थी म्हणतो, ‘माझे मनच लागत नाही.’ गुरुजी म्हणतात, ‘इच्छाशक्ती कमी पडते.’ वडील काय म्हणतात ते येथे लिहीत नाही! पण या मुलाने काल रात्री काय खाल्ले, तो किती तास झोपला आणि सकाळी किती हंडे पाणी भरून शाळेत आला, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. स्वतःला सुधारण्याचा विचार करताना हा प्रश्न पहिला हवा. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपण चेष्टेने वापरतो. आज तिचा थोडा हिशेब करून पाहू.

प्रथम पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने शरीराकडे पाहू. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला साधारण २४०० ते २९०० किलोकॅलरी ऊर्जा अन्नातून मिळावी लागते. २४०० किलोकॅलरी म्हणजे सुमारे १ कोटी ज्यूल. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे ११६ वॅट. म्हणजे नववीतला विद्यार्थी हा शंभर वॅटच्या जुन्या दिव्यापेक्षा थोडा अधिक ऊर्जा घेणारा, रात्रंदिवस चालू असलेला एक दिवाच आहे म्हणा ना! यातला मोठा भाग श्वास, हृदयाचे ठोके, शरीराची उष्णता आणि वाढ यांत जातो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतके, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरते तिचा सुमारे पाचवा भाग एकटा मेंदू घेतो. आणि गंमत अशी, की तुम्ही प्रमेय सोडवीत असा किंवा खिडकीबाहेर पाहत असा, मेंदूच्या एकूण खर्चात फारच थोडा फरक पडतो. हा गिऱ्हाईक बिल कमी करू देत नाही.

मेंदूचे नेहमीचे इंधन म्हणजे ग्लुकोज. प्रौढ माणसाचा मेंदू तासाला सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज वापरतो. रात्री आपण झोपलेले असताना हे ग्लुकोज यकृतातील साठ्यातून येते. हा साठा सुमारे १०० ग्रॅमचा असतो. आता समजा, रात्रीचे जेवण आठ वाजता झाले, सकाळी फक्त कोरा चहा घेऊन मुलगा शाळेत गेला आणि मधली सुटी दुपारी दोनला झाली. मधले तास अठरा. अठरा पंचे नव्वद! म्हणजे मधल्या सुटीपर्यंत केवळ मेंदूसाठीच साठ्याइतके ग्लुकोज लागले, आणि रक्तपेशींनाही ग्लुकोज लागतेच. याचा अर्थ मेंदू बंद पडतो असा मात्र नाही. साठा उतरत चालला की शरीर स्नायूंतील प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करू लागते, चरबीही वापरते. शरीर कारभारी फार हुशार आहे. पण हा कारभार अडचणीतल्या घरासारखा असतो. चूल पेटते, पण घरातल्या प्रत्येकाचे लक्ष डब्याच्या तळाशी असते.

उपाशी माणसाचे लक्ष कोठे असते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली झाला. दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे डॉक्टरांना जाणून घ्यायचे होते. अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण निवडले. त्यांनी सद्सद्विवेकबुद्धीला अनुसरून युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिला होता, पण लोकांच्या उपयोगी पडण्यास ते तयार होते. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले गेले. पाव, बटाटे, सलगम असे साधे खाणे आणि आठवड्याला ठरावीक मैल चालणे. त्यांचे वजन सरासरी पाव हिश्शाने घटले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या तरुणांना विद्यापीठात शिकण्याची मुभा होती. आरंभी ते उत्साहाने वर्गांना जात. पुढे वर्ग सुटले, वाचन सुटले, राजकारणावरचे वादविवाद सुटले. उरले ते अन्नाचे बोलणे. काही जण पाककृतींची पुस्तके वाचू लागले! आपले लक्ष लागत नाही, आपली समज मंदावली आहे, असे त्यांनी स्वतः सांगितले. परंतु त्यांच्या बुद्धीच्या ठरावीक चाचण्या घेतल्या तेव्हा बुद्धी कमी झाल्याचे दिसले नाही.

हा निष्कर्ष प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. उपाशी मुलाची बुद्धी जागेवरच असते. ती वापरण्यासाठी जे लक्ष लागते ते दुसऱ्या कामावर गेलेले असते. आमच्या प्रयोगशाळेत जुना कोरडा घट व्होल्टमीटरला जोडला तर काटा बहुधा दीड व्होल्टच्या आसपास जातो आणि विद्यार्थ्यांना वाटते, घट चांगला आहे. त्यावर दिवा लावला की तो मंदावतो. व्होल्टमीटर घटाकडून जवळजवळ काहीच मागत नाही, दिवा मागतो. पाच मिनिटांच्या चाचणीत चमकणारा मुलगा पाचव्या तासाला का पेंगतो, याला ही उपमा बरी पडते. उपमाच, अधिक काही नाही.

आता हंड्याकडे वळू. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मोठी धरणे आहेत. तानशाचे पाणी मुंबईला १८९२ पासून जाते. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाडच्या डोंगराकडच्या पाड्यांचीही तीच कथा. पाऊस कमी म्हणावा, तर या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण खाली काळा कातळ. त्याच्या भेगांत थोडेच पाणी मुरते आणि उतारावरून उरलेले धावत सुटते. धरण दरीत आणि पाडा टेकडीवर, अशी ही मांडणी आहे.

समजा, टेकडीवरच्या पाड्यातील चाळीस किलो वजनाची मुलगी एक किलोमीटरवरच्या झिऱ्यावरून पाणी आणते. झिरा पाड्यापेक्षा ४० मीटर खाली आहे. हंड्यात १५ लिटर पाणी, म्हणजे १५ किलोग्रॅम. हंडा २ किलोचा. एकूण वस्तुमान ५७ किलोग्रॅम.

वर चढताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य = ५७ × ९.८ × ४० = सुमारे २२,३०० ज्यूल.

स्नायूंची कार्यक्षमता फार तर पाव, म्हणून शरीराचा खर्च याच्या चौपट, सुमारे ९०,००० ज्यूल, म्हणजे २१ किलोकॅलरी. सपाटीवर चालण्यासाठीही ऊर्जा लागते. दर किलोग्रॅमला दर किलोमीटरमागे पाऊण किलोकॅलरी धरली, तर रिकामे जाताना ३० आणि भरून येताना ४३. सगळे मिळून एका खेपेला सुमारे ९५ किलोकॅलरी. तीन खेपांना २८५. ऐंशी ग्रॅम पिठाची तांदळाची भाकरी सुमारे २८० किलोकॅलरी देते. म्हणजे तीन खेपांची किंमत एक मोठी भाकरी!

पुष्कळ वाचकांना ही किंमत कमी वाटेल. मलाही ती फार मोठी वाटत नाही. ज्या घरात एक भाकरी जास्त असते त्या घरासाठी ती मोठी नाहीच. पण आता दुसरा हिशेब करा. जायला १५ मिनिटे. झिऱ्यात पाणी वाटीवाटीने साठते, म्हणून रांगेत २० मिनिटे. डोक्यावर हंडा घेऊन चढायला २० मिनिटे. एक खेप ५५ मिनिटांची, तीन खेपा पावणेतीन तासांच्या. आणि एवढे करून घरात आले किती? ४५ लिटर. पाच माणसांच्या घरात माणशी ९ लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने या घराला २७५ लिटर, म्हणजे अठरा हंड्यांहून थोडे अधिक पाणी हवे. तेवढे आणायचे तर दिवसाचे साडेसोळा तास एका माणसाने झिऱ्याच्या वाटेवरच राहिले पाहिजे. म्हणून मग आंघोळ टळते, कपडे धुणे टळते, आणि मुलगी शाळेत येण्याचे टाळते. पाठ्यपुस्तकात ‘कार्य = बल × विस्थापन’ असे सूत्र असते. मिनिटे त्या सूत्रात येतच नाहीत. मुलीचे खरे नुकसान मात्र मिनिटांत झालेले असते.

हीच मुलगी पहाटे साडेचारला उठते, कारण उशीर केला तर झिऱ्यात गढूळ पाणी उरते. रात्री भांडी आवरून झोपायला साडेदहा. झोप सहा तास. या वयाला ८ ते १० तास झोप हवी, असे झोपेचे अभ्यासक सांगतात, आणि दिवसा शिकलेले पक्के करण्याचे मेंदूचे काम बरेचसे झोपेतच चालते. म्हणजे अभ्यासाचा वेळ गेला तो गेलाच, केलेला अभ्यासही अर्धा कच्चा राहिला. अशा मुलीला ‘पहाटे उठून अभ्यास कर’ हा उपदेश किती अजब आहे पाहा.

आणखी एक गरज डोळ्यांना दिसत नाही, ती लोहाची. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरून नेतो. लोह कमी तर प्राणवायूच्या वाहतुकीची गाडी अर्धी रिकामी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या भारतीय मुलींपैकी शंभरात सुमारे ५९ जणींना रक्तक्षय आढळला. वर्गाच्या अर्ध्याहून अधिक मुली! शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी याच्यासाठी असते. ती खिशात घालून कुंपणापलीकडे टाकणारे वीर प्रत्येक शाळेत आहेत. गोळी जेवणानंतर घ्यावी आणि तिच्यावर लगेच चहा पिऊ नये, कारण चहातील द्रव्ये लोह धरून ठेवतात. लिंबू, आवळा यांनी उलट मदत होते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘मग गरिबीत राहून मोठे झालेले लोक कसे झाले?’ प्रश्न रास्त आहे. अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली माणसाच्या गरजांची उतरंड मांडली. तळाशी अन्न, पाणी, झोप; मग सुरक्षितता; मग आपुलकी, मानसन्मान; आणि शेवटी आपल्यातील गुणांचा पूर्ण विकास. पण खालची पायरी शंभर टक्के भरल्याशिवाय वरची चढताच येत नाही, असे त्यानेही म्हटले नव्हते. अर्धपोटी राहून शिकलेली माणसे आहेतच. मात्र त्यांच्या गोष्टी नीट वाचल्या, तर बहुतेक ठिकाणी कोणीतरी ताट वाढलेले आढळते. जुन्या काळी पुण्यात शिकणारे गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी. ही व्यवस्था जातीच्या आत होती. इतर जातींच्या मुलांना ते दार बंद होते. म्हणूनच शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना आधार दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. तेथील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. डॉ. आंबेडकरांची ज्ञानलालसा अलौकिक होती, परंतु १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळांइतकीच या खानावळींची आणि बोर्डिंगांचीही नोंद व्हायला हवी, असे मला वाटते.

यातले सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच आहे. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर नेले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज साऱ्या देशाला ठाऊक आहे, त्याची मुळे येथे आहेत. मुलांना आधी आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, मग गाणी आणि खेळ.

कोसबादला वारली मुले शाळेत का येत नाहीत, याचा त्यांनी शोध घेतला. त्यांना आळस आढळला नाही. मोठी मुले गुरे राखत होती आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसत होत्या. म्हणून त्यांनी गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरवली, तिचे नाव कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी शाळेशेजारीच पाळणाघर. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात, तिचे नाव विकासवाडी. बहीण शिकायला बसली की भाऊ दहा पावलांवर झोळीत. वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी ठाणे जिल्ह्यात पुढे भट्टीवरच्या झोपड्यांत, म्हणजे भोंग्यांत, भोंगाशाळा निघाल्या, त्यांच्यामागेही हाच विचार आहे. शास्त्रज्ञ याला नीट निदान म्हणेल. काटा हलत नसेल तर गॅल्व्हानोमीटरला शिव्या देण्यापूर्वी तारा आणि घट तपासायचे असतात.

सरकारी पातळीवर शालेय पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू झाली. आरंभी मुलांना घरी तांदूळ मिळत. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. खिचडीच्या वासाने मधल्या सुटीआधीचा तास कसा अस्वस्थ होतो, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. पण ही योजना आठवीपर्यंतच आहे. नववीत गेल्यावर, जेव्हा उंची झपाट्याने वाढत असते आणि अभ्यास अवघड होतो, तेव्हाच ताट थांबते. ज्या शाळांत पाचवी ते दहावीचे वर्ग एका इमारतीत आहेत, तेथे एकाच सुटीत आठवीचा भाऊ जेवतो आणि नववीची बहीण नळाशी उभी असते. वरच्या वर्गांसाठी काही शाळांत शिक्षक आणि गावकरी मिळून शेंगदाणे-गुळाची सोय करतात. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २८० किलोकॅलरी असतात, म्हणजे वर काढलेल्या हंड्यांचा हिशेब नेमका चुकता होतो.

वाचकांनी आपल्यापुरता एक छोटा प्रयोग करून पाहावा. तीन आठवडे रोज वहीत चार रकाने भरा : रात्री किती तास झोप, शाळेपूर्वी काय खाल्ले, शाळेत किती पेले पाणी प्यालात, सकाळी घरकामाला किती मिनिटे गेली. मग शेवटच्या तासापूर्वी दोन अंकी संख्येला एक अंकी संख्येने गुणण्याची वीस उदाहरणे सोडवा. लागलेला वेळ आणि चुका पाचव्या व सहाव्या रकान्यात लिहा. प्रयोगासाठी मुद्दाम उपाशी किंवा जागे राहू नका. दिवस आपोआपच वेगवेगळे येतात. वह्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत. शिक्षकांनी नावे न घालता त्या गोळा कराव्यात, कारण कोणाच्या घरी सकाळी चूल पेटत नाही हे वर्गाला कळण्याचे कारण नाही. सरावाने गुणाकार आपोआप जलद होतात, म्हणून पहिल्या आठवड्याचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्या दोन आठवड्यांतील सात तासांहून जास्त झोपेचे दिवस एका बाजूला, कमी झोपेचे दुसऱ्या बाजूला ठेवून चुकांची सरासरी काढा. मग तोच आलेख खाण्याच्या रकान्यावरून काढा, आणि पुन्हा घरकामाच्या मिनिटांवरून. तिसरा आलेख मुलांचा आणि मुलींचा वेगवेगळा काढावा.